रंगपूरचं पान

पन्नास सालच्या उन्हाळ्यात कोसमटोल्याच्या फळीवर तेंदूची पानं वाळून खडखडीत झाली होती आणि भरायला एक पोतं नव्हतं.

वारलू सकाळपासून पुडे पालटत होता. खरं तर पालटण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्ही अंगांनी वाळलेला पुडा आणखी कुठल्या अंगाने वाळणार? पण हात रिकामे ठेवून बसलं की त्याचा जीव टांगणीला लागायचा, म्हणून तो कंबरेत वाकून रांगेमागून रांग सरकत होता. पाठ उन्हाने सोलून निघाली होती, गुडघे वाजत होते. त्याची बायको सुगंधाबाई मोहाच्या सावलीत माठाजवळ बसली होती. वडस्याच्या गाडीवाटेकडे बघून बघून तिचे डोळे चुरचुरायला लागले होते.

फळी म्हणजे गावाबाहेरची, चोपून साफ केलेली उघडी जागा. बाया पहाटे जंगलात जाऊन पान तोडायच्या, दुपारी घरी बसून पळसाच्या सालीच्या वाकाने त्याचे पुडे बांधायच्या आणि दिवस कलला की फळीवर आणून ओळीने मांडायच्या. तिथून पुढे ते वाळवणं, राखणं आणि पोत्यात भरणं वारलूच्या अंगावर. व्यापारी अर्धी मजुरी पान मांडलं की द्यायचा आणि उरलेली माल उचलला की. त्या उरलेल्या मजुरीत कुणाचं लुगडं असायचं, कुणाचं वर्षभराचं मीठ, कुणाचं बियाणं. माल उचलला नाही तर त्यातलं काहीच नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आणि गावाला या फळीवर आणलं होतं सुगंधाबाईने. तीन सालांआधीपर्यंत ती चिचटोल्याच्या फळीवर पान घालायची. तिथला मुंशी रामाजी पान तळहातावर ठेवून बघायचा. बोटांच्या बाहेर गेलं की पुडा फेकून द्यायचा. त्याच्या ठेकेदाराचा माल भंडाऱ्याकडच्या बिडीवाल्यांना जायचा आणि त्यांना पाहिजे लहान, पातळ पान. एकदा त्याने सुगंधाबाईचे पुडे पायाने सारले. ती बाई तिखट. साऱ्या बायांसमोर तिने त्याला सुनावलं, की तुझ्या फळीची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि घरी येऊन बायांना गोळा केलं. वडस्याच्या इनायतशेटला मोठंच पान पाहिजे असतं, म्हणाली. त्याचा माल बंगालात रंगपूरला जातो, तिथली बिडी लांब असते. कोसमटोल्याच्या जंगलात पान येतं तेच मुळी मोठं, मग ते फेकून घ्यायला चिचटोल्याला कशाला जायचं? बायांना ते पटलं. पलीकडच्या टोल्यावर गोंडांची वस्ती होती, तिथल्या बायांना तिने लालसूकरवी निरोप धाडला. लालसू त्या टोल्यातला शब्दाचा माणूस. त्याने साऱ्या टोल्याचं पान इकडे वळवलं.

इनायतच्या बापापासून रंगपूरचा हा धंदा चालत आला होता. इनायतची बहीण कनीज तिथल्याच बिडीवाल्याच्या घरी दिली होती. मधे देशाची वाटणी झाली आणि रंगपूर पाकिस्तानात गेलं. पण पहिली दोन सालं पानाला त्याचा पत्ता लागला नाही. पान वडस्याला आगगाडीत चढायचं, कलकत्त्यावरून रंगपूरला उतरायचं आणि रिकामे बोद परत यायचे. बोद म्हणजे पानाची मोठाली तागाची पोती. तीच पोती दर साली जायची-यायची. फाटकी असली तर हंगामाआधी सुगंधाबाई ओसरीवर बसून त्यांना ठिगळं लावायची. जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचे दोरे काढून ती शिवायची, कारण तो दोरा तुटत नाही. यंदा ते बोद आलेच नव्हते.

इनायत आला तो सायकलवरून, एकटाच. तिने त्याच्या मागे दूरवर पाहिलं. गाडी दिसेना. तो माठाजवळ उकिडवा बसला, लोटाभर पाणी प्याला आणि उरलेलं तोंडावर मारून घेतलं. मग त्याने सांगितलं ते असं, की सरहद्दीवर माल अडला आहे. इकडच्या सरकारने रुपयाचा भाव उतरवला, तिकडच्यांनी आपला उतरवला नाही, आता कुणाचा रुपया केवढ्याचा यावर दोघांचं जमत नाही. इकडचं काही तिकडे जात नाही आणि तिकडचं इकडे येत नाही. त्याचे बोद कनीजच्या अंगणात रचून पडले आहेत. दुसरे घ्यावे म्हटलं तर ताग पिकतो तिकडे आणि गिरण्या आहेत इकडे, त्यामुळे बाजारात पोत्याला सोन्याचा भाव आला आहे.

"मंग आता रंगपूर नाई म्हणा," वारलू म्हणाला.

"नाई कसं? रंगपूर तिथंच आहे भाऊ. कारखाने तेच, माणसं तेच. सिर्फ रस्ता बंद आहे."

सुगंधाबाईला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. रामाजीवर रागावणं सोपं होतं, तो समोर असायचा. या रुपयाच्या भांडणात कुणाला धरायचं?

"तुमाले ठाऊक होतं, तं आमाले पान काऊन तोडू देलं, शेटजी?"

इनायतने हातातला लोटा खाली ठेवला. "मले वाटलं, पानाले कोण अडवते. पान काय तोफ आहे का, बाई?"

मग त्याने आपला बेत सांगितला. वडस्याच्या एका धानवाल्याकडे जुनी पोती होती, ती त्याने बोलून ठेवली होती. बुधवारी सांजेला गाड्या पोती घेऊन येतील. पान भरून वडस्याच्या गोदामात नेऊन टाकायचं. कोरडं राहिलं तर ते पुढच्या सालापर्यंत टिकतं, तोवर रस्ता उघडेल. उरलेली मजुरी तो गोदामात माल पडताच देणार होता. जाताना त्याने एक पुडा उचलून कानाशी धरून दाबला. पान चुरचुरलं. मोठं, जाड, तांबूस पान. "असं पान आमच्या अब्बांनीही पाहिलं नसंल," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

आता पानाचं एक असं असतं, की वाळलेलं पान तसंच पोत्यात दाबलं तर त्याचा भुगा होतो. म्हणून भरायच्या आधी त्यावर पाणी मारतात. जांभळीच्या डहाळीने सारखं शिंपायचं, पुडे लगेच एकाला एक लावून थप्पी रचायची आणि वरून पळसाची पानं झाकायची. रातभर ओल मुरते, पान कातड्यासारखं मऊ होतं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत बोद भरायचे. हे पाणी कधी मारायचं, हे मात्र कोसमटोल्यात ठरलेलं होतं. पहिला बोद फळीवर उतरायचा, त्याच्या तोंडाला हळद लागायची, नारळ फुटायचा, मग डहाळी हातात घ्यायची. वारलूने हे आजवर कधी मोडलं नव्हतं.

बुधवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. अवकाळीच. वारा पडला, अंगाची काहिली व्हायला लागली. पाच-पंचवीस बाया फळीवर येऊन बसल्या होत्या, घागरी भरून ठेवल्या होत्या. सुगंधाबाईने हळदीचा कोयरी-करंडा आणून ठेवला होता. दिवस कलला तसा लालसू नाल्याच्या बाजूने धावतच आला. गाड्या त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. नाल्यात उतरल्या आहेत, बोदच लादले आहेत, तो म्हणाला. आणि खरोखरच वाऱ्याच्या एका झुळकेबरोबर बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू आल्या.

सुगंधाबाई उठली. आभाळाकडे पाहिलं, रांगांकडे पाहिलं. एवढं पान शिंपून थप्पी रचायची म्हणजे अंधार होणार. गाड्या येईस्तोवर थांबलं, वरून पाऊस आला, तर उघड्यावरच्या पानाचा चिखल.

"पाणी मारा जी," ती नवऱ्याला म्हणाली.

"बोद उतरू दे. हळद लागू दे."

"हळद मंग लावू. आभाळ पाहून राह्यले का तुमी? गाड्या आल्या ना."

वारलू डहाळी हातात घेऊन उभा राहिला. त्याला बायकोचा शब्द मोडवत नसे, आणि त्या दिवशी घुंगरं तर त्यालाही ऐकू येत होती. त्याने डहाळी घागरीत बुडवली. त्याबरोबर साऱ्या बाया कामाला लागल्या. कोरड्या पानावर पाणी पडलं की एक गोडूस, तुरट वास उठतो. तो वास फळीभर झाला. बाया शिंपत होत्या, लालसू पुडे हातात देत होता, वारलू थप्पी रचत होता. किती दिवसांनी माणसं हसत होती. इतवारी नावाची एक म्हातारी विधवा होती. तिचे पुडे थोडे, पण बांधणी सगळ्यांत साफ. ती आपले पुडे ओळखून, माझे वरती ठेव रे भाऊ, असं वारलूला सांगत होती.

सुगंधाबाईचे कान गाडीवाटेकडे होते. घुंगरं जवळ आली. बेहड्याच्या झाडापाशी वाट फुटते, एक कोसमटोल्याला, एक चिचटोल्याला. तिथपर्यंत आली. मग आवाज मोठा होईना. तिला वाटलं, वारा फिरला असेल. मग आवाज बारीक व्हायला लागला. तिने हात वर करून बायांना गप्प केलं. सगळ्यांनी ऐकलं. गाड्या चिचटोल्याच्या वाटेने चालल्या होत्या.

लालसू पुन्हा धावला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि तो कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. पोती तीच होती, इनायतने बोलून ठेवलेली. चिचटोल्याच्या ठेकेदाराने वरचढ भाव दिला आणि धानवाल्याने त्याला दिली. आणखी पोती उद्या-परवा निघणार आहेत, असं गाडीवाले म्हणाले, एवढंच काय ते त्यातल्या त्यात बरं.

तेव्हाच थप्पी उघडायला पाहिजे होती. हे नंतर साऱ्या गावाला कळलं, नंतर सगळ्यांनाच कळतं. उघडायची म्हणजे पुन्हा सगळं पान पसरायचं, पुन्हा पालटायचं, आणि वरून आभाळ तसंच. शिवाय उद्या गाड्या येणार. वारलूने एकदा विचारलं, उघडू का? सुगंधाबाई म्हणाली, सकाळपर्यंत वाट पाहू. सकाळी ती म्हणाली, दुपारपर्यंत पाहू. दुपारी पाऊस आला नाही आणि ऊनही पडलं नाही. माणसं बेहड्यापर्यंत जाऊन जाऊन परत येत होती. सांजेला वारलूने पळसाची पानं बाजूला करून थप्पीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच थांबला.

"काय झालं जी?"

"तू घालून पाय."

तिने हात घातला. आत ऊबट होतं, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पोटासारखं. तिने हात काढला तेव्हा तो ओला होता.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला ती लालसूला घेऊन चिचटोल्याला निघाली. वारलू येतो म्हणाला, तर तिने त्याला थप्पी उघडायला ठेवलं. भांडण आपण केलं, तर तोंडही आपणच घेऊन जावं, असं तिच्या मनात होतं. वाटभर ती काय बोलायचं ते जुळवत गेली. पोहोचल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही.

चिचटोल्याची फळी अर्धी रिकामी झाली होती. भरलेले बोद एकावर एक रचलेले, गडी तोंडं शिवत होते. रामाजी खाटेवर बसून विड्याचं पान चघळत होता. त्याने तिला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. उन्हं वर येईपर्यंत त्याने गड्यांना हाका मारल्या, मापं घेतली, चुना मागवला. ती उभी होती. लालसू बाजूला उभा होता. मग रामाजी म्हणाला, "काय बाई, चुकून आली का इकडं?"

तिने पोती मागितली. उसनी. इनायतशेट भरून देईल म्हणाली. तिने पदरात एक पुडा आणला होता, आपलं पान कसं आहे ते दाखवायला. रामाजीने तो सोडला, एक पान काढून तळहातावर ठेवलं. पान एकीकडे बोटांच्या बाहेर, दुसरीकडे मनगटापर्यंत गेलं. त्याने हात वर करून गड्यांना दाखवलं आणि गडी हसले. हे पान इकडे कुणाच्या कामाचं नाही, तो म्हणाला. याची बिडी वळली तर चार माणसांनी मिळून ओढावी लागेल. खोटं नव्हतं ते. रंगपूरसाठी तोडलेलं पान रंगपूरलाच चालतं, हे तिला तिथे उभं असताना पहिल्यांदा नीट कळलं. रस्ता एकच होता आणि तो बंद होता.

"बोद मी देतो," रामाजी म्हणाला. "फाटके हायेत, पण हायेत. मले पैसा नको. माह्या ठेकेदारानं मले दर साली बायांसाठी बोल बोल बोललं. अर्ध्या बाया तू पळवल्या. पुढच्या साली कोसमटोल्याच्या अन् टोल्याच्या सगळ्या बाया इथी येतील, लहान पान आणतील, हे बोल. फळीची माती हातात घेऊन बोल."

सुगंधाबाईने लालसूकडे पाहिलं. लालसू जमिनीकडे बघत होता. त्याच्या टोल्याचाही शब्द त्यात होता. आपल्या तोंडाने त्याला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. शेवटी त्याने मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर थप्पी होती. त्यातली ऊब अजून तिच्या कोपराला लागल्यासारखी वाटत होती. ती वाकली, मूठभर माती उचलली आणि रामाजीने सांगितलं ते त्याच्या गड्यांसमोर बोलली. एकदा हळू बोलली, तेव्हा त्याने ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा बोलायला लावलं.

फाटक्या बोदांचा एक भारा लालसूच्या डोक्यावर, एक तिच्या. परतताना ती जवळजवळ धावतच होती. पोत्यांचे दोरे तिच्या मानेत रुतत होते. बोलली ते बोलली, पण निदान पान तरी वाचेल, एवढंच ती मनाशी घोकत होती.

बेहड्यापासून फळी दिसते. तिने पाहिलं, बाया गोळा झाल्या होत्या, पण कुणी वाकलेलं नव्हतं. कामावरची बाई वाकलेली असते. त्या सगळ्या सरळ उभ्या होत्या.

वारलूने थप्पी उघडली होती. वरचे पुडे काढले तसा आतून वाफारा निघाला होता. आतलं पान काळं पडलं होतं आणि त्यावर पांढरी जाळी धरली होती. वाक सोडला की पान पानापासून सुटेना, ओढलं तर फाटून हातात येई. आंबूस वास सुटला होता. पावसाचा एक थेंब पडला नव्हता. जे पाणी होतं ते त्यांनी आपल्या हातांनी मारलेलं होतं. घरोघरून माणसांनी टोपल्या, धानाच्या बांबूच्या ढोल्या, फाटक्या सतरंज्या आणून ठेवल्या होत्या, सुगंधाबाई रिकामी आली तर त्यात भरू म्हणून. त्या तशाच पडल्या होत्या. तिने डोक्यावरचा भारा खाली टाकला. कुणीही त्याकडे बघितलं नाही.

इतवारी आपले पुडे निवडत होती. वरचे होते म्हणून तिला वाटलं होतं, वाचले असतील. तिने एक सोडून पाहिला, दुसरा सोडून पाहिला. मग हात पुसत उठली.

"तू म्हणली म्हून मी आली होती, बाई," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुगंधाबाईला शिव्यांना उत्तर देता येत होतं.

इनायत दुपारी आला. धानवाल्याच्या दारात बसून बसून, भांडून, तो रिकाम्या हातांनी आला होता. फळीवर येऊन त्याने एक काळा पुडा उचलला, सवयीने कानाशी नेऊन दाबला. आवाज आला नाही. वारलू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, की पाणी मी मारलं. सुगंधाबाई म्हणाली, मी मारायला लावलं. दोघं वाट बघत राहिली, की हा माणूस आता तरी काही बोलेल, ओरडेल. इनायतने पुडा जागेवर ठेवला.

"तुमी पाणी मारलं, मी पोतं नाई आणलं. धानवाल्यानं चार पैशे पाहिले. कोणाले पकडू, सांगा," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता, पण तो कुणावर चिडला आहे हे त्यालाही सांगता आलं नसतं. "तिकडं कनीजच्या घरी माणसं पानाविना बसून आहेत. इथी पान सडून राह्यलं. मधात कोण आहे, मले त्याचं तोंड दाखवा एकदा."

आठवड्याने तो पुन्हा आला. घरोघर मीठ वाटून गेला. लुगडी त्याला जमली नाहीत, आणि तसं त्याने प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. त्या दिवशी तो पायी आला होता. सायकल कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही.

सडलेलं पान वारलूने शेतात नेऊन पसरलं. तेंदूचं पान खत म्हणूनही फार कामाचं नाही, लवकर कुजत नाही. पण जे थप्पीत दोन दिवसांत सडलं ते शेतात मात्र कुजेना, याची वारलूला इतकी चीड यायची की तो फावड्याने ते पुन्हा पुन्हा चिखलात दाबायचा.

मग रोवणे आले. श्रावणातली झड लागली होती. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतही नव्हता. सुगंधाबाई बायांच्या ओळीत गुडघाभर चिखलात धान रोवत होती. इतवारीही त्याच ओळीत होती. दोघींचं बोलणं पूर्वीसारखं नव्हतं, पण काम बरोबर होतं. अंगावर पावसात पांघरायचे, पळसाच्या पानांचे जुने मोरे होते, ते गळत होते. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

बांधावरून इनायत येताना दिसला. सोबत लालसू. दोघांच्याही डोक्यावर भारे होते. चालताना दोघं घसरत होते, सावरत होते. इनायत कितीतरी दिवसांनी हसत होता. बांधावर भारा टाकून त्याने हाक मारली. सुगंधाबाईने पायाशीच्या पाण्यात हात धुतले आणि ती चिखलातून वर आली.

"पाहा, बाई. सुटले."

ते बोद होते. रंगपूरचे. दोन सरकारांची बोलणी झाली, थोडा थोडा माल सोडायला लागले आहेत, असं त्याने सांगितलं. कनीजने पहिल्याच गाडीने रिकामे बोद धाडले. पानाचं अजून ठरलेलं नाही, पण पुढच्या हंगामापर्यंत नक्की ठरेल. त्याने वडस्यात चार जणांना विचारलं होतं.

तिने वरचा बोद उलगडला. ताग वरवरच भिजला होता, तरी जड लागत होता. एका कोपऱ्यावर ठिगळ होतं आणि ठिगळाला हिरवा दोरा. तिचाच दोरा, लुगड्याच्या काठाचा. त्याच्या शेजारी पोतं पुन्हा फाटलं होतं आणि तिथे कुणीतरी लाल दोऱ्याने शिवलं होतं. टाके तिच्याहून बारीक होते. तिने त्यावरून बोट फिरवलं. इतक्या दूरची कुठलीशी बाई आपल्या टाक्याशेजारी टाका घालून बसली होती आणि पोतं रिकामंच परत आलं होतं.

"कनीजच असंल," इनायत म्हणाला. "तिले लालच दोरा लागते." मग तो घाईघाईने बोलू लागला. पुढच्या हंगामाला बोद आधीच हातात आहेत, कुणाच्या दारात जायचं काम नाही. मोठं पान लागेल, जितकं असेल तितकं. वारलूने फळी लवकर साफ करावी. या सालचं नुकसान एका हंगामात भरून निघेल, सगळ्यांची लुगडी निघतील. "बाया तेवढ्या बांधून ठेवा, बाई. तुमच्या शब्दावर येतात त्या."

लालसू बांधावरच्या गवताच्या काड्या तोडत होता. वाटेत त्याने इनायतला काही सांगितलं नव्हतं. सांगणं त्याला जमलं नसावं.

"बाया नाई, शेटजी," सुगंधाबाई म्हणाली.

"काऊन? राग आहे का?"

"राग कायचा. मी माती उचलून आली रामाजीच्या फळीवर. सगळ्या बाया पुढच्या साली तिथी. लहान पान."

"कधी?"

"ज्या दिवशी पान सडलं त्या दिवशी. बोदासाठी."

इनायत तिच्याकडे बघत राहिला, मग बांधावर पडलेल्या भाऱ्याकडे. पाऊस जरा जोरात आला. शब्द मोडा, असं म्हणायचं इनायतच्या जिभेवर आलं असेल, पण तो तसा माणूस नव्हता, आणि सुगंधाबाईही तशी नव्हती. ओळीतल्या बायांना सगळं ऐकू जात होतं. एकीनेही मान वर केली नाही. त्यांचे हात चिखलात खुपसत होते, निघत होते.

"तुमी एकटी?" त्याने शेवटी विचारलं.

"एकटीनं कितीक तोडू?"

त्याने वाकून भारा उचलला. लालसूने दुसरा उचलला. मग इनायतने भाऱ्यातून तो ठिगळाचा बोद ओढून काढला आणि तिच्या हातात दिला. राहू द्या तुमाले, म्हणाला. रिकाम्या बोदाचं मी काय करू, असं ती म्हणणार होती, पण दोघं चालायला लागले होते.

ती बांधावर उभी होती तशी पाणी केसांतून डोळ्यांत उतरायला लागलं. तिने बोदाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात सारला, तशी त्याची खोळ झाली. ती डोक्यावर घेतली. हिरवा आणि लाल दोरा कपाळावर आला. जाड ताग होता, आत पाणी येत नव्हतं.

खाली उतरली तेव्हा ओळ दूर निघून गेली होती. बाया आपापल्या जागा रोवत मागे सरकल्या होत्या आणि मधे तिच्या वाट्याचा पट्टा तसाच राहिला होता, नुसतं गढूळ पाणी. इतवारीने धानाची एक पेंडी तिच्याकडे फेकली. सुगंधाबाईने ती झेलली आणि वाकली.